कार्डाला गार हवा

मी लोकांना त्यांची न बांधलेली घरं दाखवते. नकाशा दुसऱ्या कुणीतरी काढलेला असतो. घर उभं राहिल्यावर समोरून कसं दिसेल, ते मी संगणकावर रंगवून देते. अकोल्यात याला सगळे नुसतं थ्रीडी म्हणतात. "मॅडम, थ्रीडी झालं का?" म्हणून फोन येतो, आणि त्या माणसाला गॅलरीचं ग्रिल आता सोनेरी हवं असतं. काम घरूनच चालतं. त्यासाठी एक दांडगा संगणक घेतला आहे आणि त्यात ग्राफिक्स कार्ड आहे. चित्र पूर्ण होऊन बाहेर पडेपर्यंत या कार्डाला तासन्‌तास राबावं लागतं. राबलं की ते तापतं, आणि तापलं की त्याच्यावरचे छोटे पंखे जोरात फिरू लागतात. मिक्सरमध्ये भिजवलेली डाळ घालून झाकण दाबून धरावं, तसा तो आवाज.

संगणक आमच्या मधल्या खोलीत होता, कारण खिडकीत कूलर असलेली खोली ती एकच. उन्हाळ्यात अकोल्याला दुपारी कूलरशिवाय माणूस बसू शकत नाही, मग यंत्र कुठून बसणार? आणि त्याच खोलीत भिंतीला लागून बाबांचा पलंग होता.

बाबा अमरावतीला वकील होते. आई गेल्यावर त्यांनी भाड्याचं घर सोडलं आणि ते माझ्याकडे आले. भाऊ परदेशात, त्याच्याकडची थंडी त्यांना नको होती. नवरा नोकरीमुळे बुलढाण्याला असतो, शनिवारी येतो. म्हणजे आठवडाभर घरात मी, बाबा आणि ते यंत्र.

आमच्याकडे बाप लेकीच्या घरी पाहुणा म्हणून येतो, राहायला येत नाही. जुनी माणसं तर नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीही पीत नसत. बाबा एवढे जुने नव्हते, ही पद्धत ते हसतच सांगायचे. पण आल्या दिवसापासून आपला कप आपण विसळायचे. टीव्ही लावण्याआधी विचारायचे. शनिवारी जावई यायच्या वेळेला बनियनवर सदरा चढवायचे आणि गुंड्या लावून बसायचे. जेवणात, झोपण्यात, कशातही मी विचारलं की उत्तर ठरलेलं, काही त्रास नाही. जन्मभर कोर्टात दुसऱ्यांसाठी भांडून मागणारा माणूस स्वतःसाठी काही मागत नाही, याचं मला नवल वाटायला हवं होतं. मला ते सोयीचं वाटलं.

मार्चमध्ये खिडकीतला कूलर सुरू केला. गवताच्या ताट्या नव्या बसवल्या, टाकीत बोअरचं पाणी भरलं. हवा नेमकी पलंगावर जात होती. बाबा म्हणाले, "तिकडं वळव ते. मले गार हवा सोसत नाही, सांधे धरतात. तुया मशीनले लागते हवा." मी जाळीच्या पट्ट्या फिरवल्या आणि हवेचा झोत थेट संगणकावर घेतला. पुन्हा विचारलं नाही.

एप्रिलमध्ये कामं वाढली आणि आवाजही. जेवण झाल्यावर बाबा थोडा वेळ पलंगावर पडायचे, मग वर्तमानपत्र घेऊन मागच्या खोलीत जायचे. ती सामानाची खोली, तिथे पंखा आहे पण कूलर नाही. मला वाटायचं, वाचायला उजेड बरा पडत असेल. मे लागला तेव्हा ते म्हणाले, बहीण एकटी आहे, अमरावतीला चार दिवस जाऊन येतो. माझी आत्या त्यांच्याहून धाकटी, मुलं बाहेरगावी, एकटीच राहते. चार दिवसांचे आठ झाले, आणि पुढे ते यायची गोष्टच काढेनात. मी फोन केला की आधी यंत्राची चौकशी करायचे, मग माझी.

मग एका दुपारी चित्र अर्ध्यावर असताना पडदा काळा झाला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा काळा. मी कार्ड बाहेर काढून पंख्याखालची पत्र्याची पातळ पानं उजेडात धरली. ती पांढरी झाली होती. बोट फिरवलं आणि जिभेला लावून पाहिलं. खारट. आमच्या बोअरचं पाणी खारं आहे, या पट्ट्यात सगळीकडेच आहे. कूलरची ओली हवा दोन महिने सरळ कार्डावर मारत होती आणि तिच्याबरोबर पाण्याचे बारीक तुषार जात होते. पाणी उडालं, मीठ राहिलं. एक पंखा हाताने फिरवला तर करकरला, दुसरा फिरलाच नाही.

कार्ड मेलं नव्हतं, मेले होते त्याचे पंखे. नवं कार्ड घेण्यात अर्थ नव्हता. मूळ पंखे आणि पानं काढून टाकायची आणि बाजारात मिळणारा दुसरा तयार जोड त्यावर बसवायचा, एवढंच हवं होतं; खिडकीतल्यासारखं त्यालाही कूलरच म्हणतात. हे मी एका दिवसात वाचून काढलं. कार्डाच्या मधोमध जी मुख्य चिप असते तिच्या चार बाजूंना चार भोकं असतात, त्यांच्यामधलं अंतर जुळलं तरच कूलर बसतो. नुसती चिप गार करून भागत नाही, तिच्या शेजारच्या मेमरीवर आणि वीज वाटणाऱ्या सुट्या भागांवरही उष्णता ओढणाऱ्या मऊ गाद्या लावाव्या लागतात. शिवाय कूलर संगणकाच्या डब्यात मावला पाहिजे, त्याच्या वजनाने कार्ड वाकायला नको, आणि पंख्याची पिन आपल्याकडच्या जागेत गेली पाहिजे. मी स्वयंपाकघराचा ओटाही फुटपट्टी लावल्याशिवाय करून घेतला नव्हता. भोकांचं अंतर मोजलं, कागदावर उतरवलं.

मोजला नाही तो फक्त आवाज. म्हणजे आकडे दिसत होते. प्रत्येक कूलरखाली तापमान लिहिलेलं असतं तसा आवाजही लिहिलेला असतो. मी ती ओळ सोडून पुढे जात होते.

मागवून घ्यायला वेळ नव्हता, आणि कार्डावर ठेवून पाहिल्याशिवाय मला खात्री पटणार नव्हती. असा कूलर अकोल्यात कुणाकडे नव्हता. अमरावतीच्या एका दुकानात तीन प्रकारचे आहेत असं कळलं. कार्ड जुन्या ओढणीत गुंडाळून पिशवीत घातलं आणि सकाळची बस धरली. बाबांना कळवलं नाही. दुकानातलं आटोपून मग जाऊन भेटू, असं ठरवलं होतं.

दुकानदाराने मला पाहिलं, पिशवीतून निघालेलं कार्ड पाहिलं आणि हसून विचारलं, "मुलासाठी का, मॅडम? कोणता गेम खेळतो?"

"मीच खेळते," मी म्हटलं. त्यानंतर तो कामापुरतं बोलला.

तीनपैकी एक पाण्याचा होता. नळ्या, छोटा पंप, बाजूला जाळी. पाणी आत बंद असतं, बाहेर काही उडत नाही, हे मला माहीत होतं, पण पाण्याने माझं जेवढं नुकसान केलं होतं तेवढं पुरे होतं. शिवाय काम चालू असताना पंप बंद पडला तर संपलंच. दुसरा मोठा, विटेएवढा जाड, त्यावर रुंद आणि संथ पंखे. डब्यातल्या शेजारच्या दोन्ही जागा खाणार, डब्याचं झाकण लागणार नाही, खालून टेकू द्यावा लागणार. तिसरा आटोपशीर, त्याचे पंखे लहान पण कडक. भोकं तंतोतंत जुळली, झाकण लागणार होतं, आणि कार्ड सगळ्यात गार तोच ठेवणार होता. दुकानदाराने तो वायरला जोडून पूर्ण वेगात फिरवून दाखवला. रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसाने वळून आत पाहिलं.

"आवाज थोडा येईन, मॅडम," दुकानदार म्हणाला.

"येऊ द्या. घरात कोणी नाही."

तिसरा कूलर घेतला आणि आत्याकडे गेले.

आत्याने दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. बाबा झोपले होते. पुढच्याच खोलीत, खिडकीतल्या कूलरच्या थेट समोर त्यांनी चटई टाकली होती. अंगात बनियनसुद्धा नव्हतं. खांद्यावर ओला पंचा, तोंड कूलरकडे, आणि कूलर पूर्ण जोरात. पांढरे केस हवेने उडत होते. झोप इतकी गाढ की तोंड किंचित उघडं होतं. इतक्या दिवसांत माझ्या घरात मी त्यांना असं झोपलेलं पाहिलं नव्हतं.

मी चपला हातात घेऊन स्वयंपाकघरात गेले. आत्याने चहा टाकला.

"त्यांना गार हवा सोसत नाही ना," मी हळू म्हटलं. "सांधे धरतात."

आत्या पातेल्यातून नजर न काढता म्हणाली, "कोणाचे सांधे? त्याचे? बाप्पा! हा लहानपणी वल्लं धोतर अंगावर घेऊन गच्चीवर झोपे. तुले कोणं सांगतलं?"

"त्यांनीच."

"आन् तू ऐकलं."

मी चहा प्यायला घेतला. तोंड भाजलं. आत्या तिच्या नेहमीच्या सुरात बोलत राहिली, चिडून नव्हे, भाजीवाल्याशी बोलावं तसं. ते लेकीचं घर आहे, जावयाचं आहे, तिथे तो पंखासुद्धा मागणार नाही. इथे आला त्या दिवशी जेवला आणि जो झोपला तो दिवेलागणीला उठला, मला वाटलं आजारी आहे. मग तिने ओढणीत गुंडाळलेल्या कार्डाकडे मानेने खूण केली.

"लोकाइले त्याइचे घरं दाखवतं म्हणे तू. आपल्या घरात कोण कुठं झोपते ते नाही दिसत?"

 मला लहानपणी कुणी रागावलं की मी लगेच कामाला लागत असे. आताही उठून कप विसळला, ओटा पुसला. आत्याने फडकं हातातून काढून घेतलं.

पुढच्या खोलीत हालचाल झाली. मी दारात गेले तेव्हा बाबा उठून बसत होते. मला पाहिल्याबरोबर त्यांचा हात आधी कूलरच्या बटनाकडे गेला. तो बंद केला, मग पंचा खांद्यावरून छातीवर ओढला.

"कधी आली वं? हिनं लावून ठेवला हा. मी नको म्हणत होतो." मग लगेच, "मशीन बरं आहे ना?"

शाळेत चोरून चिंच खाताना सापडलेल्या पोरासारखा माझा बाप माझ्यासमोर बसला होता. आत्याच्या बोलण्याने लाज वाटली होती, ती सोसवली. ही सोसवली नाही. मी म्हटलं, यंत्र बरं आहे, थोडं सामान घ्यायला आले, संध्याकाळची बस आहे. कूलर पुन्हा लावला. बाबा झोतासमोरून थोडे बाजूला सरकून बसले. तेवढं सरकणंही मला दिसलं. इतक्या महिन्यांत दिसलं नव्हतं, त्या दिवशी सगळं दिसायला लागलं.

बसस्टँडकडे जाण्याआधी मी पुन्हा दुकानात गेले. खोकं न उघडता काउंटरवर ठेवलं आणि म्हटलं, हा नको, तो मोठा द्या.

दुकानदार वैतागला. झाकण नाही लागणार, टेकू द्यावा लागेल, कार्डही याच्याइतकं गार राहणार नाही. मी मघाशी जे जे बोलले होते तेच सगळं तो मला ऐकवत होता. "तुमीच तर म्हणल्या, घरात कोणी नाही."

"आहे," मी म्हटलं.

बस मूर्तिजापूरला थांबली तोवर मी मनात खोल्या बदलून टाकल्या होत्या. काम हातात असलं की मला बरं वाटतं. पण या कामाने बरं वाटत नव्हतं, कारण जे करायचं होतं ते मार्चमध्येही करता आलं असतं, आणि तेव्हा ते फारच सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी मागची खोली रिकामी केली. गहू आणि जुन्या गाद्या जिन्याखाली गेल्या. संगणक तिथे नेला. कार्डावरचं मीठ ब्रशने आणि स्पिरिटने घासून काढलं, चिपवर उष्णता ओढणारी पेस्ट लावली, मेमरीवर गाद्या बसवल्या आणि तो विटेएवढा कूलर चार स्क्रूंनी आवळला. खालून टेकू म्हणून लाकडी ठोकळा तासून घातला. डब्याचं झाकण काढूनच ठेवलं. एक जड चित्र चालवून पाहिलं. पंखे फिरत होते ते हात जवळ नेल्यावरच कळत होतं. कार्ड आधीपेक्षा जास्त तापत होतं, पण सोसत होतं. बंद मात्र पडलं नाही. फक्त काम हळू झालं. पूर्वी दुपारपर्यंत होणारं चित्र आता संध्याकाळ घेणार होतं.

तशी मी गिऱ्हाइकांना फोन करून कल्पना दिली. प्रत्येकाला एक दिवस जास्त मागितला. सगळ्यात घाईचं काम ज्याचं होतं तो बिल्डर म्हणाला, "काही जल्दी नाही, मॅडम. अजून पायाच भरायचा आहे." म्हणजे घाई माझीच होती. त्यांच्यातल्या कुणी बाबांची झोप मागितलीच नव्हती.

शनिवारी नवरा आला. रिकामी मधली खोली पाहून त्याने विचारलं, यंत्र कुठे गेलं. मी सांगितलं. कशासाठी तेही सांगितलं. त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "त्यांनी मला एकदा विचारलं होतं, तुम्हाला माझी अडचण होते का म्हणून. मी नाही म्हटलं. आणखी काही बोलायला हवं होतं." त्यालाही वाईट वाटलं हे पाहून मला जरा आधार वाटला, आणि लगेच त्या आधाराचीही लाज वाटली.

रविवारी मी एकटीच अमरावतीला गेले. बाबांना घेऊन यायचं होतं. यंत्र मागच्या खोलीत नेलंय, आवाज राहिला नाही, पलंगावर हवा येते, असं सगळं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, मागच्या खोलीत तर फार तापतं, यंत्र खराब होईल. मी म्हटलं, होऊ द्या. मग म्हणाले, आता पाऊस येईलच, तेव्हा पाहू. अशिलाला पुढची तारीख सांगावी तसं.

मी छोटं स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. "बाबा, आमच्या घरी तुम्हाला काय पाहिजे ते सांगा. काही नाही म्हणायचं नाही."

"सांग आता, वकीलसाहेब," आत्या दारातून म्हणाली. "फी नाही लागत."

बाबांनी चष्मा काढला, पंचाने पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, नाहीच बोलणार. मग ते भिंतीकडे पाहत बोलायला लागले, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबले नाहीत. सकाळी चहा लवकर पाहिजे, जाग पहाटेच येते. मी उठेपर्यंत ते पडून राहतात, भांड्याच्या आवाजाने माझी झोप मोडायला नको म्हणून. रात्री पोळी नको, ज्वारीची भाकर पाहिजे. उशी फार उंच आहे. शनिवारी सदरा घालून बसायचा उन्हाळ्यात जीव जातो. बातम्या मोठ्याने ऐकायच्या असतात. अमरावतीचे दोघे-तिघे जुने वकील भेटायला येतो म्हणत होते, त्यांना नको म्हणून सांगितलं, कुठे बसवणार.

प्रत्येक गोष्ट लहान होती. एकाही गोष्टीला माझा अर्धा तास लागला नसता. मी मान खाली घालून ऐकत होते. मध्येच आत्या हसली, म्हणाली, एवढी मोठी फिर्याद त्याने कोर्टातही केली नसेल. बाबा हसले नाहीत.

"आन् एक," ते म्हणाले. "मले 'बाबा, चालते ना' असं विचारत नको जाऊ. तसं विचारलं का मी चालते म्हणतो."

"मग कसं विचारू?"

त्यांनी विचार केला. "विचारू नको. पाहत जा."

बुधवारी ते आले. मी स्टँडवर घ्यायला गेले, पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. तेवढंही पूर्वी देत नसत. दुपारी जेवण झालं. ते मधल्या खोलीत गेले, बनियन काढून खुंटीला टांगलं आणि पलंगावर आडवे झाले. मी मागच्या खोलीत कामाला बसले. अंगाला साडी चिकटत होती, घाम कोपरापर्यंत येत होता. पंख्यांचा आवाज नव्हताच, त्यामुळे बाबांचं घोरणं इथवर ऐकू येत होतं.

पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचं तापमान दिसतं. ते चढत होतं आणि चित्र पुढे सरकत नव्हतं. मी उठून मधल्या दारापर्यंत गेले. तिकडे गारवा होता. हे दार असंच उघडं राहिलं तर थोडी हवा मागे येईल, कार्डाला तेवढीच पुरेल आणि बाबांना कळणारही नाही, असा हिशेब माझ्या डोक्यात पूर्ण होऊन गेला, तेही त्यांच्याकडे पाहत उभी असताना. त्यांनी झोपेतच कूस बदलली, तोंड हवेकडे केलं. मी दार आवाज न करता ओढून घेतलं आणि त्या तापल्या खोलीत परत येऊन बसले.